‘एतद्द्वारा’, ‘याद्वारे’, ‘येणें’

भिलाईतल्या शाळांत २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका सगळे मिळून म्हणतात. सुरुवात जोरात होते. मधले न्याय, स्वातंत्र्य, समता हे शब्द मुलांच्या ओळखीचे असतात. शेवटच्या ओळीत मात्र एका शब्दापाशी सगळा सूर विस्कटतो. तो शब्द म्हणजे ‘एतद्द्वारा’. ‘द्’ आणि ‘द्वा’ एकमेकांत अडकलेले, जीभ अडखळते. कुणी ‘एतद्वारा’ म्हणून सुटका करून घेतो, कुणी नुसते ओठ हलवतो. पुढे ‘अंगीकृत’ आला की सूर पुन्हा जुळतो.

इथल्या मराठी घरातल्या मुलाला हा शब्द आणखी दोन रूपांत भेटतो. नागपूरकडच्या मावसभावाच्या पाठ्यपुस्तकात त्याच जागी ‘याद्वारे’ असते आणि इंग्रजी पुस्तकात ‘हिअरबाय’. अर्थ विचारला तर बहुधा उत्तर येते, ‘काही नाही रे, कायद्याच्या भाषेत असं लिहितात.’ हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. तो शब्द काढून टाकला तरी वाक्य व्याकरणाने पूर्ण राहते. मग तो तिथे कशासाठी आहे? त्याचा माग काढताना इंग्लंड, आयर्लंड, नागपूर असा फेरा पडतो, आणि शेवटी पाऊल येऊन थांबते ते भिलाईला खेटून असलेल्या दुर्ग शहरात.

‘हिअरबाय’ हा शब्द दोन साध्या शब्दांचा आहे: ‘हिअर’ म्हणजे इथे, आणि ‘बाय’ म्हणजे मुळात ‘जवळ’. ‘अमक्याच्या योगाने’ हा ‘बाय’चा अर्थ नंतरचा. म्हणून जुन्या इंग्रजीत ‘हिअरबाय’चा एक अर्थ ‘इथेच जवळपास’ असा होता. शेक्सपिअरच्या ‘लव्हज् लेबर्स लॉस्ट’ या नाटकात वनरक्षक राजकन्येला शिकारीसाठी उभे राहायची जागा दाखवतो, तेव्हा हा शब्द तो याच अर्थाने वापरतो. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये, योहानाच्या पहिल्या पत्रात, तोच शब्द ‘यावरून’ या अर्थाने येतो: यावरून आपल्याला कळते की अमुक अमुक. जवळ असलेली वस्तू हातात येते आणि हातात आलेली वस्तू साधन होते. शब्दाच्या अर्थानेही हीच वाट धरली.

त्या काळी हे एकटे अपत्य नव्हते, मोठे कुटुंब होते. ‘हिअर’, ‘देअर’ आणि ‘व्हेअर’ या तिघांना शब्दयोगी अव्यये जोडून डझनावारी शब्द होत. जर्मन आणि डच भाषांत हे कुटुंब आजही घरात नांदते. जर्मन माणूस रोजच्या बोलण्यात ‘दामिट’, म्हणजे ‘त्याने’ किंवा ‘त्यासह’, सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र लोक ‘याने’, ‘त्यात’, ‘ज्याचे’ असे सुटे शब्द बोलू लागले आणि जोडशब्द हळूहळू मागे पडले. ‘देअरफोर’ तेवढा बोलण्यात टिकला. बाकीचे देवळात आणि कोर्टात जाऊन राहिले.

कोर्टात ते इतके सुखाने राहिले की पुढे त्यांचा उपद्रव वाटू लागला. १९६३मध्ये डेव्हिड मेलिन्कॉफ या अमेरिकन कायदेतज्ज्ञाने ‘द लँग्वेज ऑफ द लॉ’ या पुस्तकात वकिली इंग्रजीतल्या निरर्थक जुनाट शब्दांची झाडाझडती घेतली, आणि ‘हिअर-देअर’ची ही पिलावळ त्यात ठळकपणे होती. तेव्हापासून सोप्या कायदेभाषेचा आग्रह धरणारे लोक ‘हिअरबाय’ दिसला की लाल रेघ मारतात. पुष्कळ ठिकाणी ती रेघ योग्यच असते.

पण त्याआधी आठ वर्षे एका तत्त्वज्ञाने याच शब्दाला वेगळ्या उजेडात धरले होते. ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५मध्ये हार्वर्डला व्याख्याने दिली. त्यांच्या मृत्यूनंतर १९६२मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यांचे म्हणणे असे की काही वाक्ये घडलेले सांगत नाहीत, ती स्वतःच काहीतरी घडवतात. ‘मी वचन देतो’ असे म्हटले की वचनाचे वर्णन होत नाही, वचन दिले जाते. अशी वाक्ये ओळखायची कशी? ऑस्टिन यांनी सुचवलेल्या खुणांपैकी एक म्हणजे वाक्यात ‘हिअरबाय’ घालून पाहणे. ‘मी याद्वारे वचन देतो’ हे चालते. ‘मी याद्वारे पोहे खातो’ हे चालत नाही. रेल्वेच्या प्रवाशांनी पुलावरूनच रूळ ओलांडावेत अशी ताकीद देणारी पाटी त्यांनी उदाहरण म्हणून घेतली. त्या पाटीतली ताकीद पाटीच देते. बोलण्यातून हद्दपार झालेला हा शब्द जिथे बोलणे हीच कृती असते तिथे तग धरून राहिला, आणि त्याच्या टिकण्यामागे निव्वळ वकिली सवय नव्हती.

आता आपल्या उद्देशिकेकडे येऊ. तिच्या इंग्रजी मसुद्यातले शेवटचे वळण आयर्लंडच्या १९३७च्या संविधानाच्या उद्देशिकेशी शब्दाला शब्द जुळते: ‘हिअरबाय’सकट स्वीकारणे, अधिनियमित करणे आणि स्वतःला देणे, या तिन्ही क्रिया त्याच क्रमाने तिथे आहेत. आयरिश उद्देशिकेचा आरंभ मात्र ख्रिस्ती त्रैक्याच्या नावाने होतो. तो आपण घेतला नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा झाली तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी ‘ईश्वराच्या नावाने’ अशी सुरुवात सुचवली होती. मतदान होऊन ती नामंजूर झाली. देवाची साक्ष न काढता कृती करायची, तर कृतीचे सगळे बळ वाक्यातच असायला हवे. ‘आम्ही’ हा कर्ता, ‘आज’ हा दिवस आणि ‘हिअरबाय’ हे साधन, एवढ्यावर ते वाक्य उभे आहे.

त्याच मध्य प्रांत-वऱ्हाडचे आणखी एक सदस्य होते घनश्याम सिंह गुप्त. ते दुर्गचे. १९३७पासून ते प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष होते, म्हणजे हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या सभागृहावर त्यांची बैठक होती. संविधानाच्या हिंदी अनुवादासाठी जी तज्ज्ञ समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. राहुल सांकृत्यायन आणि सुनीतिकुमार चटर्जी यांच्यासारखी माणसे त्या समितीत होती. त्या काळी पारिभाषिक शब्दांचा मोठा कारखाना नागपुरातच चालू होता: डॉ. रघुवीर प्रशासन आणि शास्त्रांसाठी संस्कृतातून हजारोंनी शब्द घडवत होते. भारतीय भाषांना समान असा शब्द हवा तर तो संस्कृतातून घ्यावा, असा त्या वेळचा वारा होता. त्याच वाऱ्यात ‘हिअरबाय’च्या जागी ‘एतद्द्वारा’ आला. ‘एतद्’ म्हणजे ‘हे’, ‘द्वारा’ म्हणजे ‘दाराने’. शब्दशः पाहिले तर ‘या दारातून’.

२४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी प्रतींवर सह्या केल्या, त्यात हिंदी प्रतही होती. ती हाताने लिहिली होती वसंत कृष्ण वैद्य यांनी. हिंदी उद्देशिकेत इंग्रजीत नसलेली एक गोष्ट आहे: तारखेबरोबर तिथीही, मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी, विक्रम संवत् २००६. दस्तात तिथी घालावी तशी ती घातली आहे.

पण या हिंदी दस्ताला कायद्याचे बळ नव्हते. अधिकृत पाठ इंग्रजीच. हिंदीतला अधिकृत पाठ प्रसिद्ध करण्याची तरतूद १९८७मध्ये, अठ्ठावन्नाव्या घटनादुरुस्तीने झाली. म्हणजे ‘या लेखाच्याच योगाने’ असे म्हणणारा शब्द सदतीस वर्षे अशा लेखात उभा होता, ज्याच्या योगाने कायद्याने काहीच होत नव्हते. आयर्लंडने उलट केले. तिथे रोजच्या व्यवहारात इंग्रजी, पण दोन पाठांत विरोध आला तर आयरिश भाषेतला पाठ प्रमाण. आयरिश पाठात ‘हिअरबाय’च्या जागी दोन छोटे, रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, त्यांचा अर्थ ‘यासह’, ‘याने’ एवढाच. जड शब्द नसला तरी कृती पार पडते, हे तिथे दिसते.

मराठीने ‘याद्वारे’ घेतला. यात ‘द्वारे’ संस्कृतच, पण ‘या’ आपला. म्हणून तो ‘एतद्द्वारा’पेक्षा तोंडात सहज बसतो. तरीही हा शब्द छापील आहे. घरात कुणी ‘याद्वारे तुला सांगतो’ म्हणत नाही. मग मराठीकडे यासाठी स्वतःचे काही होते की नाही?

होते. ‘हा’ या सर्वनामाचे जुने तृतीयेचे रूप ‘येणें’. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, आणि तिच्या शेवटच्या प्रार्थनेत, पसायदानाच्या अगदी आरंभी, हे ‘येणें’ उभे आहे. ग्रंथ हाच वाणीचा यज्ञ, आणि ‘या’ यज्ञाने देवाने संतुष्ट व्हावे, असे ते मागणे. बोलणे हीच कृती आणि त्या कृतीनेच पुढचे काही घडावे, हाच तर ‘हिअरबाय’चा भाव. रोज संध्याकाळी पसायदान म्हणणाऱ्या मराठी घराला ‘एतद्द्वारा’चा अर्थ शब्दकोशात शोधायची खरे म्हणजे गरज नाही.

‘येणें’चे पुढे जे झाले ते ‘हिअरबाय’च्या कुटुंबासारखेच झाले. बोलण्यात ‘याने’ आले आणि ‘येणें’ कागदात जाऊन बसले: ‘येणेप्रमाणे’, ‘येणेकरून’. त्याचा भाऊ ‘जेणेकरून’ मात्र अजून बातम्यांत आणि भाषणांत ऐकू येतो, जसा तिकडे ‘देअरफोर’. दोन दूरच्या भाषांनी आपापल्या म्हाताऱ्या शब्दांना एकाच तऱ्हेने वाटेला लावले. एखादा हाताशी ठेवला, बाकीचे दप्तरात बांधले.

मराठी दप्तराला तर हे बांधकाम नवे नव्हते. तिथे फारसी-अरबी शब्दांचे राज्य होते. कारण सांगायचे तर ‘सबब’, वर सांगितलेले गाव म्हणायचे तर ‘मौजे मजकूर’. ‘मजकूर’ म्हणजे ‘उल्लेखलेला’. आज त्याचा अर्थ ‘लिहिलेले काहीही’ इतका सैल झाला आहे. शिवकाळात, १६७७च्या सुमारास, रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करून अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. नागपुरात डॉ. रघुवीरांनी जे केले त्याचे हे पूर्वरूपच. तरी पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सूद’ची मुद्रा राहिलीच. तो ‘सूद’ फारसी ‘शुद’, म्हणजे ‘झाले’. मोर्तब उमटले की पत्र पुरे झाले आणि हुकूम लागू झाला. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आजही आपण त्याच अर्थाने वापरतो.

हे सगळे छत्तीसगडला परके नव्हते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात १७५८पासून १७८७पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरला राहिले. त्यांच्या काळात मराठी आणि मोडी इथल्या कारभारात आली. १८५४मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि मग इंग्रजांबरोबर इंग्रजीची दप्तरी भाषाही आली.

मोडी दप्तर आणि त्यामागून आलेले मराठी दस्त पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. खरेदीखतात एक बाजू ‘लिहून देणार’, दुसरी ‘लिहून घेणार’, आणि मधले क्रियापद ‘लिहून देतो’. हे ‘लिहून देणे’ विलक्षण आहे. जमीन दिली की कागद दिला, असा भेद त्यात राहत नाही; लिहिणे हेच देणे. इंग्रजीला जी कामगिरी एका क्रियाविशेषणावर सोपवावी लागली, ती मराठीने जोडक्रियापदावर सोपवली. म्हणूनच मराठी दस्ताला ‘याद्वारे’ची फारशी उणीव भासत नसावी. आणि ‘लिहून देतो’ म्हणताना देणारा समोर असतो, त्याची सही किंवा अंगठा खाली असतो.

आणखी मागे गेले तर याच प्रदेशात, ज्याला तेव्हा दक्षिण कोसल म्हणत, पाचव्या-सहाव्या शतकांत शरभपुरीय राजांचे ताम्रपट दिसतात. पेटीसारख्या डोक्याची अक्षरे, आणि दानाच्या वाक्यात ‘ताम्रशासनेन’, म्हणजे ‘या ताम्रपटाने’ गाव दिले. तीच तृतीया, तेच साधन. फक्त त्या पटात राजा देतो, ब्राह्मणाला मिळते, आणि गावातल्या कुटुंबांना हुकूम होतो की यापुढे तुमचे कर अमक्याला पोचवा. ज्यांच्या आयुष्यात फरक पडणार ते त्या वाक्यात कर्ते नाहीत; ते ऐकणारे आहेत.

२६ नोव्हेंबर १९४९चे महत्त्व मला या ओळीवर ठेवून पाहिले की कळते. ताम्रपटात देणारा राजा. खरेदीखतात देणारा एक माणूस. उद्देशिकेत देणारे ‘आम्ही’ आणि घेणारेही ‘आम्ही’. लिहून देणार आणि लिहून घेणार एकच. ज्या कुटुंबांना आजवर फक्त सांगितले जात होते ती वाक्यात कर्त्याच्या जागी येऊन बसली. याला कुणी हरकत घेईल की हे कर्तेपण खोटे होते: आयर्लंडने संविधान सार्वमताला टाकले, आपण टाकले नाही, संविधान सभा १९४६मध्ये प्रांतिक विधानसभांनी निवडली, आणि त्या विधानसभांचा मताधिकार थोड्या लोकांपुरता होता. हरकत खरी आहे. पण ‘हिअरबाय’चे वैशिष्ट्य असे की तो आधीच्या अधिकाराची कागदपत्रे दाखवत नाही, तो म्हणतो, हे म्हणताना आम्ही करत आहोत. वाक्य वर्तमानकाळात आहे. जो म्हणतो तो करतो.

पुढे काय झाले ते भिलाईत पाहता येते. फेब्रुवारी १९५५मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ऑस्टिन यांची व्याख्याने त्याच वर्षाची. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याआधी दुर्ग जिल्ह्यातल्या अनेक गावांची जमीन संपादित झाली होती. संपादनाचा कायदा १८९४चा होता, आणि अशा कायद्याच्या अधिसूचनांची भाषा ठरलेली असते: ‘एतद्द्वारा सूचित किया जाता है’ या वळणाची. इथे शब्द तोच, पण ‘हम’ नाही. क्रियापद कर्मणी, कर्ता अदृश्य. ज्या जिल्ह्यातल्या माणसाच्या समितीने हा शब्द ‘आम्ही’च्या शेजारी बसवला, त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तो थोड्याच वर्षांनी पुन्हा ताम्रपटातल्या गावकऱ्यासारखा ऐकावा लागला. मरोदा, रिसाली, कोहका, खुर्सीपार, सुपेला ही नावे आज वस्त्यांची आणि तलावांची म्हणून उरली आहेत. ती आधी गावांची होती.

कारखान्याबरोबर रशियन अभियंते आले, आणि त्यांच्या दप्तरी भाषेतही या कामासाठी एक शब्द आहे: ‘नास्तोयाश्चिम’. ‘प्रस्तुत’ या अर्थाच्या विशेषणाची ती तृतीया, म्हणजे ‘प्रस्तुताने’. ‘येणें’ आणि ‘ताम्रशासनेन’ यांच्या पंक्तीला बसणारा. म्हणजे भिलाईत करार करणाऱ्या दोन्ही बाजूंना हा शब्द आपापल्या भाषेत पाठ होता.

आज भिलाईत ‘एतद्द्वारा’ कुठे भेटतो? दाखला हरवल्याच्या जाहिरातीत, पाणी बंद राहील या सूचनेत, क्वार्टर रिकामे करण्याच्या नोटिशीत. तिथे लाल रेघ मारावी, माझी हरकत नाही. ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढे पुरते. ‘एतद्द्वारा’ने पाणी अडत नाही आणि येतही नाही. त्या सूचनांतून हा शब्द गेला तर कदाचित त्याची जागा पुन्हा नीट दिसू लागेल. बोलण्याने जिथे काही घडत नाही तिथे तो अडगळ आहे. घडते तिथे तो कणा आहे. हा फरक ओळखायची कसोटी ऑस्टिन यांनी दिली आहेच. मी तीत एकच भर घालीन: शब्दाच्या आसपास कर्ता शोधावा. सापडला तर शब्द ठेवावा.

म्हणून शाळेतल्या मुलाने अर्थ विचारला तर ‘कायद्याच्या भाषेत असं लिहितात’ म्हणून वाटेला लावू नये. मराठी घरातल्या मुलाला सांगायला तर सोपे आहे. पसायदानातले ‘येणें’ तुला पाठ आहे ना, तेच हे. आजोबांनी शेत ‘लिहून दिले’ म्हणतात ना, तसेच हे; फक्त इथे आपणच आपल्याला लिहून देतो आहोत. उच्चार एकदा सावकाश फोडून करावा: एतद्, द्वारा. त्या शब्दापाशी सूर विस्कटतो, आणि उद्देशिका हे निवेदन नसून कृती आहे हे सांगणारा शब्दही नेमका तोच आहे.